पलीकडच्या न्हाणीतलं पाणी

॥ श्री ॥

भाट्ये, रत्नागिरी
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तुळसा हिला थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुम्ही सगळे मुंबईत खुशाल असाल, दिवाळीही बरी झाली असेल. सलोनीला मुलगी झाल्याचं शेजारच्या गोदूबाईंकडून कळलं. तू आजी झालीस. मला अजून तू चुलीपुढे पाट ओढून, धुराने डोळे चोळत बसलेलीच दिसतेस.

पत्र बघून दचकू नको. हल्ली पोस्टातून पाकीट आलं की ते बँकेचं तरी असतं नाहीतर कोर्टाचं. हे दोन्हींपैकी नाही. पत्ता गोदूबाईंनी दिला. फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. आपलं घर तुला ठाऊक आहे, एका कोपऱ्यात बोललेलं दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू जातं. आणि मला हळू बोलता येत नाही हेही तुला ठाऊक आहे.

तर काम असं आहे. भाविकाने पुण्याहून कपडे धुवायचं मशीन पाठवलं. मी नको नको म्हणत होते, पण पोरीपुढे काही चालत नाही. आता ते मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभं आहे आणि त्याच्या डोक्यावर मी आमसुलांची बरणी ठेवली आहे. सध्या तेवढाच त्याचा उपयोग. कारण पाणी घ्यायला नळ आहे, पण धुतलेलं पाणी सोडायचं कुठे, हा प्रश्न सुटत नाही.

आमच्या बाजूला जी नवी मोरी बांधली, तिचा पाइप बारीक आहे. मशीन एकदम बादल्याच्या बादल्या पाणी बाहेर टाकतं, ते त्यातून ओसरत नाही, उलट मोरीत वर येतं. मागे खणावं तर सगळा कातळ. पालीचा सर्वेश म्हणून नळवाला आहे, त्याला आणून दाखवलं. त्याने चारही बाजूंनी फिरून बघितलं, दोन वेळा चहा घेतला आणि सांगितलं की या घराचा उतार पलीकडे आहे. म्हणजे तुझ्या बाजूला. आपल्या जुन्या न्हाणीतून जे दगडी गटार माडांकडे जातं, त्यातच हे पाणी सोडायला हवं. त्यासाठी मधल्या भिंतीला खाली एक भोक पाडायचं आणि तुझ्या बाजूचं कुलूप काढून गटार साफ करायचं.

तुळसा, भिंत दोघांची आहे. न्हाणी तुझी आहे. किल्ली तू गोदूबाईंकडे ठेवलीस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझ्याकडे का नाही ठेवलीस, ते विचारत नाही. मी मागितली तर गोदूबाई निमूट काढून देतील. पण तुझ्या होकाराशिवाय मी ते कुलूप उघडणार नाही. आणि खरं सांगते, हे काम झाल्याशिवाय माझं चालायचं नाही. रोजच्या रोज दोन-तीन चादरी निघतात. माझी मनगटं आता पूर्वीची राहिली नाहीत.

चादरींवरून आठवलं. आपल्या दोघींचे नवरे समुद्रावरून आले की न्हाणीच्या त्या धुण्याच्या दगडावर काय ढीग पडायचा. मीठ लागून ताठ झालेल्या विजारी, बाह्यांना चिकटलेले खवले. तू नवी होतीस तेव्हा नाकाला पदर लावून धुवायचीस आणि मी हसायचे. पुढे तुलाच वास येईनासा झाला. चादर पिळायची तेव्हा एक टोक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. तू उलटी पिळायचीस. किती वेळा सांगितलं, तू डावीकडे वळव, मी उजवीकडे. शेवटपर्यंत जमलं नाही तुला. मग चादर तशीच लोंबायची आणि आपण दोघी हसून हसून खाली बसायचो. तू गेल्यापासून मी एक टोक पडवीच्या खांबाला बांधते आणि दुसरं पिळते. खांब काही उलटा फिरत नाही, पण हसतही नाही.

होडी विकायची असं भावोजी म्हणाले, नाही विकायची असं हे म्हणाले. त्यात तुझं माझं काय भांडण होतं सांग. आपण दोघी भांडलोच नाही, तरी भिंतीच्या दोन बाजूंना गेलो. गवंडी भिंत चढवत होता तेव्हा तू पलीकडून मला एक वाटी कुळथाचं पिठलं दिलंस, आठवतं? भिंत कमरेएवढी झाली होती. ती वाटी माझ्याकडेच राहिली आहे.

होय की नाही, तेवढं गोदूबाईंना फोन करून सांग. नाही म्हणालीस तरी राग नाही. ह्यांना मी अजून विचारलेलं नाही. ते माझ्यावर सोड.

भावोजींना नमस्कार सांगावा की नाही कळत नाही. तुला योग्य वाटेल तसं कर.

तुझी,
बाय


भाट्ये
२४ नोव्हेंबर

प्रिय तुळसा,

आशीर्वाद. तुझा निरोप पोचला. गोदूबाई दुपारी पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "उघड म्हणालीय. एवढंच. मी पुढं काय विचारीन तर फोन ठेवलान." मी म्हटलं, एवढं पुरे आहे. पण खरं सांगू, त्या एका शब्दाने मला त्या दिवशी भात जास्त गेला.

दुसऱ्याच दिवशी किल्ली घेतली. कुलपात तेल घालावं लागलं. दार उघडलं आणि मी बराच वेळ उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. सर्वेश मागे हत्यारांची पिशवी घेऊन ताटकळत होता. शेवटी म्हणाला, काकी, मी नंतर येऊ का? तेव्हा कुठे आत पाय टाकला.

तुझं घर बरं आहे, काळजी करू नको. दोन वासे वाळवीने खाल्लेत, बाकी ठीक. न्हाणी तशीच आहे. दगड तसाच आहे, मधे खोलगट झालेला. करवंटीत साबणाची एक कपची आहे, सुकून लाकडासारखी झालेली. मी ती टाकायला उचलली आणि परत ठेवली. तुझं तू बघ.

गटारात माडाची मुळं शिरली होती. सर्वेशने ओढून ओढून काढली, तुझ्या लग्नातल्या वेणीएवढी जाड एक जुडी निघाली. तुझे माड मात्र झकास आहेत. नारळ गोदूबाई उतरवून नेतात, मी बघते आणि गप्प बसते. आता तुला सांगितलं, म्हणजे गप्प बसले असं म्हणता येणार नाही.

आता मशीनची गंमत ऐक. सर्वेशने भिंतीला खाली भोक पाडलं, जाड पाइप घातला, तो न्हाणीत बाहेर काढला आणि मशीनची नळी त्या पाइपात सरळ खाली सोडून दिली. आपल्याकडे पाणी म्हटलं की ते खालीच जायचं, न्हाणीचं असो की पागोळीचं. त्याला काय आणि मला काय, दोघांनाही त्यात चूक दिसली नाही. वरून नळीभोवती चिकटपट्टी गुंडाळून गच्चही केलं, वास येऊ नये म्हणून. मी नारळ वाढवला, बटण दाबलं आणि खुर्ची घेऊन समोर बसले.

पाणी यायला लागलं. येतंय, येतंय, येतंच आहे. मशीन फिरायचं नाव घेईना. मला वाटलं, काय छान खळबळून घेतंय, घरात कुणी एवढ्या मनापासून धूत नव्हतं. बघता बघता वरची टाकी रिकामी झाली. पंप लावून परत भरली, तीही संपत आली. तेव्हा गोदूबाई पलीकडून ओरडल्या की तुमच्या माडांखाली तळं झालंय, कुठला नळ फुटलाय बघा. मशीन एका बाजूने पाणी घेत होतं आणि दुसऱ्या बाजूने ते तसंच तुझ्या माडांना जात होतं. चादरी आत धुतल्याच गेल्या नव्हत्या, नुसत्या भिजून बसलेल्या.

सर्वेशला परत बोलावला. तो आला, बघितलं आणि कपाळावर हात मारला. आता भिंतीला लागून कमरेएवढा उभा पाइप लावलाय. मशीनची नळी त्याच्या वरच्या तोंडात अडकवायची. पाणी आधी वर चढतं, मग पडतं. त्यामुळे मशीन जेव्हा ढकलेल तेव्हाच ते बाहेर जातं, आपोआप ओघळत नाही. आणि चिकटपट्टी काढून टाकली. मी म्हटलं वास येईल. तर म्हणाला, "काकी, तोंड गच्च बांधायचं नाय. दम घ्यायला जागा ठेवायची, नायतर पाणी पाण्याला ओढत नेतं." बोलला बरोबर. मशीन आता नीट चालतंय. चादरी अशा पिळून निघतात की झटकायचीही गरज नाही.

तू विचारशील, घरात माणसं दोन आणि एवढ्या चादरी कसल्या. यंदा पाऊस लांबला, गाद्यांना ओल धरली. शिवाय हे जरा बरे नव्हते. आता बरे आहेत. म्हणजे जेवतात. मागच्या खोलीत झोपतात हल्ली, तिथे वारा चांगला येतो.

गेल्या आठवड्यात मशीन लावलं आणि काम करता करता माझा हात थांबला. पलीकडच्या न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज आला. इतक्या वर्षांनी. मशीनचंच पाणी, माझ्याच हाताने सोडलेलं, पण क्षणभर मला वाटलं, आता तू ओल्या पायांनी बाहेर येशील आणि विचारशील, बाय, कालवणाचा वेसवार संपला काय?

या गोष्टीबद्दल आणखी थोडं सांगायचं आहे. पण आज पोस्टाची वेळ होत आली.

तुझी,
बाय


भाट्ये
८ डिसेंबर

तुळसा,

आज खुशाली वगैरे लिहीत नाही. मागच्या दोन पत्रांत मी तुला जे सांगायचं टाळलं ते आज लिहिते आहे. एका दमात वाच आणि मग भावोजींना वाचायला दे.

ह्यांना श्रावणात झटका आला. सकाळी पडवीत जाळं शिवत बसले होते, हातातली सुई पडली आणि ती उचलता येईना. उजवी बाजू गेली. रत्नागिरीला दवाखान्यात होते, भाविका येऊन राहिली, मग घरी आणलं. बरेच दिवस बोलता येत नव्हतं. जेव्हा पहिलं वाक्य नीट आलं तेव्हा ते काय म्हणाले माहीत आहे? धाकट्याला, महिपतला कळवायचं नाही. त्याने माझी अशी दशा बघता नये. मी हो म्हटलं. गोदूबाईंनाही देवाची शपथ घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पोटात काही राहिलं असेल तर ते हेच.

म्हणून फोन केला नाही. त्यांचा पलंग मागच्या खोलीत मधल्या भिंतीला लागून आहे. माझा आवाज घरात कुठूनही त्यांना ऐकू जातो. मशीनही म्हणूनच आलं. चादरी कशाच्या, ते आता तुला सांगायला नको. तू दोन बाळंतपणांत माझं सगळं केलंस, तुझ्यापुढे मला लाज नाही. त्यांना आहे. चादर बदलते तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडतात.

कान शाबूत आहेत, पण मन कधी इथे असतं, कधी मागे जातं. मी सकाळी मशीन लावते तेव्हा ते जागे असतात. मशीन पाणी सोडतं ते एकदम सोडत नाही, थांबून थांबून टाकतं. भसकन पडतं, थांबतं, परत पडतं. भिंतीपलीकडे, दगडावर. कुणी लोट्यामागून लोटा अंगावर घेतंय असंच वाटतं.

पहिल्या वेळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी तोंड बाजूला केलं, कान दिला आणि म्हणाले, "महिपत आलाय काय गो?"

मी चमचा वाटीत ठेवला. मशीनचं पाणी आहे असं म्हणायला हवं होतं. तोंडावर आलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या महिन्यांत मी जे बघितलं नव्हतं ते त्या वेळी होतं. मी म्हटलं, होय, आत्ताच आले.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. पाणी पडायला लागलं की विचारतात, आणि मी हो म्हणते. माझ्याच हाताने मी हे सुरू केलं, आता थांबवता येत नाही.

तुला आठवतं ना, होडी बंदराला लागली की दोघं भाऊ घरी यायचे. हे पटकन दोन लोटे घेऊन बाहेर. भावोजी मात्र न्हाणीत शिरले की घरातलं पाणी संपेपर्यंत बाहेर येत नसत. वर गाणी म्हणायचे. हे ओटीवरून ओरडायचे, अरे माड बुडतील, ये आता. पण त्यांच्याआधी कधी जेवले नाहीत. किती भूक असो, ताट वाढलेलं समोर ठेवून बसून राहायचे. आपण म्हणायचो, निवतंय, सुरू करा. तर म्हणायचे, एका होडीत गेलो तर एका पंगतीला बसायला नको? मासळी निवायची आणि तू परत तवा तापवायचीस.

आता तेच करतात. पाणी चालू असेपर्यंत एक घास तोंडात घेत नाहीत. पाणी थांबलं की दाराकडे बघतात. मग मी काहीतरी सांगते. भावोजी बंदरावर गेले, बर्फ उतरवायचाय. जाळं धुवायला गेले. येतील, तुम्ही घ्या. तेव्हा थोडं घेतात, पण मान दाराकडेच. मशीन लावायचं थांबवलं तर चादरींचं काय करू? आणि दुसरं म्हणजे, मशीन लावलं नाही त्या दिवशी ते काहीच विचारत नाहीत. छताकडे बघत पडून राहतात. त्यापेक्षा खोटं बोललेलं बरं वाटतं मला. हे चूक असेल. असू दे.

काल मात्र मी घाबरले. पाणी थांबलं, त्यांनी दाराकडे बघितलं, मी नेहमीचं काहीतरी सांगायला गेले. त्यांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "त्याला सांग. होडी वीक म्हणावं. माझं काय नाय."

तुळसा, होडी केव्हाच खाडीकाठी पालथी पडून कुजली. तिच्यात आता खेकडे राहतात. विकायला काही उरलेलं नाही. पण एवढी वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते त्यांनी काल बोलून टाकलं, आणि ते मला सांगितलं म्हणून काय उपयोग? ते मला सांगायचं नव्हतंच. मी भिंतीपलीकडे जाऊन कुणाला सांगू? तिथे पाइप आहे.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधी येईल सांगता येत नाही. ते बरे होतील असं मी तुला लिहिणार नाही. भावोजींनी आपली दशा बघू नये म्हणून ह्यांनी नको म्हटलं होतं, आणि मी त्यांचा शब्द मोडते आहे, हे भावोजींना मुद्दाम सांग. राग यायचा तर माझ्यावर येऊ दे.

न्हाणीचं कुलूप मी परत लावलेलं नाही. दगड घासून ठेवलाय. चूल पेटवून ऊन पाणी काढून देईन, आता थंडी पडली आहे. कुणाला काही बोलायला लागणार नाही. भावोजींनी यायचं, न्हाणीत जायचं, आंघोळ करायची आणि दारातून आत येऊन ह्यांच्या शेजारी जेवायला बसायचं. एवढंच.

मी रोज सांगते की भावोजी आंघोळ करतायत, येतील. आज ह्यांनी अजून जेवायला सुरुवात केलेली नाही.

दोघांची पानं वाढून बसलेली,
तुझी बाय